आगंतुकांचे मोजमाप : माळीनगर आणि सोलापूर

१

एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाऊन तेथेच रुजलेल्या समाजांची तुलना हा सामाजिक शास्त्रांतील जुना विषय होय. अशा तुलनेत एक धोका हमखास संभवतो. दोन समाजांच्या आजच्या स्थितीत जे अंतर दिसते, त्याचे कारण त्या समाजांच्या स्वभावात शोधले जाते. आणि ते ज्या परिस्थितीत येऊन उतरले, ती परिस्थिती विवेचनाच्या कडेला पडते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडच्या ग्लारूस परगण्यातून निघालेल्या लोकांनी १८४५ मध्ये तेथे न्यू ग्लारूस हे गाव वसविले. त्यांच्यासाठी देशांतर-मंडळाने माणसे पुढे धाडून जमीन आधीच निवडली व विकत घेतली होती. पुढे हे गाव दुग्धव्यवसायाने व चीजने नावारूपास आले. त्याच राज्यातील मिलवॉकी शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या पोलिश लोकांना मिळाली ती कारखान्यातील मजुरी. ५ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी निघालेल्या कामगारांवर तेथील बे व्ह्यू भागात लष्करी तुकडीने गोळ्या झाडल्या. त्या मोर्चात पोलिश मजुरांचा भरणा मोठा होता. याच समाजाने १९०१ मध्ये सेंट जोसाफाटचे भव्य प्रार्थनामंदिर पुरे केले. ‘स्विस काटकसरी, पोल मजूरवृत्तीचे’ अशी वाटणी करणारा अभ्यासक या दोन आगमनांमधील मूळ भेद विसरतो. एकाला जमीन वाट पाहत होती. दुसऱ्याला कारखान्याचा दरवाजा.

हीच कसोटी सोलापूर जिल्ह्यास लावून पाहण्याजोगी आहे. अकलूजजवळच्या माळीनगरात सासवडकडून आलेले माळी स्थिरावले. तेथून शंभराहून अधिक किलोमीटरांवरील सोलापूर शहरात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. जिल्हा एकच, आणि दोन्ही समाज मूळचे येथले नव्हेत. तरीही पहिल्याचे नाव निघताच ‘उद्यमशील बागाईतदार’ आणि दुसऱ्याचे निघताच ‘कष्टाळू मजूर’ ही विशेषणे सहज तोंडी येतात. या विशेषणांत किती तथ्य आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

२

सासवडच्या माळ्यांचे स्थलांतर पाण्यामागून झाले. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, आणि विहिरीवर ऊस पिकविण्याचे व गूळ करण्याचे कसब ज्यांच्या हाती होते, ते हे शेतकरी कालव्याच्या मुलखात उतरले. पुढे विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या ब्लॉक पद्धतीमुळे ठराविक क्षेत्रास ठराविक वर्षे पाणी मिळण्याची हमी आली. उसासारख्या दीर्घ मुदतीच्या व भांडवलखाऊ पिकास अशी हमी म्हणजे निम्मे भांडवलच होय. भाटघरचे नवे धरण १९२० नंतरच्या दशकात पुरे झाले, उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले, आणि त्याबरोबर माळ्यांची वस्तीही आली.

या लोकांनी बहुतांशी स्थानिक खातेदारांच्या जमिनी खंडाने घेतल्या. कोरडवाहू शेतीत मुरलेल्या खातेदारास पाटाच्या पाण्यावरील उसाचा खर्च व जोखीम परवडत नव्हती. माळ्यास ती परवडत होती, कारण चुलवणावरील काहिलीत रस केव्हा उतरावा इथपर्यंतचे ज्ञान त्याच्या घरात होते. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने साखरधंद्यास जकातीचे संरक्षण दिले, आणि त्याच वर्षी या बागाईतदारांनी भागभांडवल गोळा करून सासवड माळी शुगर फॅक्टरीची स्थापना केली. प्रवरेचा सहकारी कारखाना साखर काढू लागला तो १९५० च्या हंगामात. त्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनी स्वतः उभारलेला कारखाना माळीनगरात चालत होता. मात्र त्याचे स्वरूप सहकारी संस्थेचे नव्हते, कंपनीचे होते.

डोनाल्ड ॲटवुड यांच्या ‘रेझिंग केन’ (१९९२) या ग्रंथात या माळ्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले आहे. कालव्याचा लाभ आधीच सधन असलेल्यांनीच गिळला, ही सरसकट समजूत ॲटवुड यांनी नाकारली, आणि खालच्या पायरीवरून वर आलेल्या कुटुंबांकडे लक्ष वेधले. ग्रंथाचा हा गुण मोठा आहे. तथापि उद्यमशीलतेवर पडलेल्या प्रकाशात इतर कारणे थोडी अंधुक होतात, आणि कर्तृत्व हा जणू जातीचाच गुण असावा असा ग्रह होण्यास वाव राहतो. वास्तविक, कसब सासवडलाही होते. नीरेच्या खोऱ्यात त्याची संपत्ती झाली, ती पाण्याची हमी, खंडाने मिळणारी जमीन आणि संरक्षित बाजार या तीन गोष्टी एकाच पिढीत जुळून आल्यामुळे. यांतील खंडाची वाट पुढे फार काळ खुली राहिली नाही. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने दुसऱ्याची जमीन कसून मोठे होण्याचा मार्ग पुष्कळच आखूड केला. वीस-पंचवीस वर्षे उशिरा आलेल्या तितक्याच कुशल माळ्यास तोच मार्ग सापडला नसता.

३

पद्मशालींचे स्थलांतर सुतामागून झाले. निजामाच्या राज्यातील तेलुगू जिल्ह्यांतून विणकर कुटुंबे सोलापुरास दीर्घ काळ येत राहिली. १८६० च्या सुमारास रेल्वे आली, सूत व माल यांची ने-आण सुलभ झाली, आणि १८७० नंतरच्या दशकात गिरणी उभी राहिली. शहराच्या पूर्व भागात मागांचा खडखडाट सुरू झाला, तो पुढे हातमागावरून यंत्रमागावर गेला. आज देशभर परिचित असलेली सोलापुरी चादर, जिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले आहे, ती याच वस्तीच्या कामातून घडली.

येथे डग्लस हेन्स यांच्या ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ (२०१२) या ग्रंथाचा आधार घेणे इष्ट ठरते. हेन्स यांनी लहान शहरांतील विणकरांना नाहीशा होत चाललेल्या कारागिरांच्या रांगेतून उचलून भांडवलाच्या इतिहासात आणून बसविले. सोलापुरात पद्मशालींमधूनच कारखानदारही निर्माण झाले, ही गोष्ट त्यांच्या विवेचनात ठळकपणे येते. म्हणजे ‘मजूरवृत्तीचा समाज’ हे वर्णन पहिल्याच तपासणीत गळून पडते. एकाच जातीत, एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच आडनावात मागाचा धनी आणि मागावरचा मजूर असे दोघे नांदत होते. धनंजयराव गाडगीळ यांच्या सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीने (१९६५) या शहराचे जे चित्र समोर ठेवले, त्यास हेन्स यांनी काळाची खोली दिली, असे म्हणता येईल.

परंतु हेन्स यांचा पट १९६० ला संपतो, आणि पद्मशाली समाजाच्या अर्थकारणाचा अर्धा भाग त्यांच्या मुख्य विषयाबाहेर राहतो. हा अर्धा भाग स्त्रियांचा होय. मागाच्या मजुरीत घर भागेना, तेव्हा पूर्व भागातील स्त्रियांनी विड्या वळून ते भागविले. विडीचा हिशोब हजारी; पान व तंबाखू मोजून मिळणार, तयार माल तपासून घेतला जाणार, आणि नापसंत विडी वळणारीच्या पदरी पडणार. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरखेपीच्या कामासही कामाची मान्यता दिली. पुरुषाचा माग आणि स्त्रीचे सूप या दोहोंवर मिळून चालणाऱ्या कुटुंबास केवळ ‘विणकर कुटुंब’ म्हणणे म्हणजे त्याचे निम्मे उत्पन्न व त्याहून अधिक श्रम हिशोबातून वगळणे होय.

माग हे साधन माळ्याच्या भागापेक्षा स्वभावतः वेगळे आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कारखान्याचा भाग वारसाने जातो आणि झोपेतही लाभांश देतो. माग चालला तरच मिळकत. आणि तो चालणे सुताच्या भावावर, विजेवर व व्यापाऱ्याच्या मागणीवर अवलंबून. गिरणीची नोकरी तर त्याहूनही बेभरवशाची. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडल्यावर तिचा कारभार ताब्यात घेण्यासाठी केंद्र सरकारला जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढावा लागला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. इतक्या खटाटोपानंतरही गिरणगावाचे दिवस सरले ते सरलेच.

४

तुलनेत भाषेचा मुद्दा बहुधा शेवटी आणि चुकीच्या जागी येतो. पद्मशालींनी घरात तेलुगू टिकविली, आणि माळ्यांची भाषा मुळातच मराठी; तेव्हा पहिले मिसळले नाहीत म्हणून मागे राहिले आणि दुसरे मिसळले म्हणून पुढे गेले, असे अनुमान काढले जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे गंपर्झ व विल्सन यांनी केलेला अभ्यास (१९७१) या बाबतीत निर्णायक आहे. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. घरातील भाषा कोणी सोडली नाही. मात्र रोजच्या व्यवहाराने त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की, शब्द तेवढे बदलावे आणि दुसरी भाषा व्हावी. म्हणजे स्वभाषेचे जतन आणि परस्परव्यवहार या विरोधी गोष्टी नव्हेत. तमिळनाडूतील मराठी भाषकांविषयीचे महादेव आपटे यांचे संशोधनही हेच सुचविते की, ‘मराठी भाषक’ हा एकच गट धरून चालत नाही. ब्राह्मण आणि शिंपी-रंगारी यांसारखे व्यावसायिक समाज यांचे तेथील जीवन वेगवेगळ्या वाटांनी घडले.

सोलापूरच्या मागावरील शब्दच याची साक्ष देतात. मराठी ‘माग’, कन्नड ‘मग्ग’ आणि तेलुगू ‘मग्गं’ ही नावे एकाच घराण्यातील दिसतात. मराठी ‘साळी’ आणि तेलुगू ‘साले’ ही विणकरवाचक नावेही तशीच. विणकामाच्या परिभाषेत सीमा कधीच नव्हती. घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि मोहल्ल्यात दख्खनी अशी सोलापूरच्या पूर्व भागातील भाषाव्यवस्था आहे. नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेयाचा रथ त्या व्यवस्थेच्या बाहेर नाही, तिच्याच मध्यावरून जातो.

उलट माळीनगरात भाषेने परकेपण दाखविले नाही म्हणून ते नव्हतेच, असेही नव्हे. ते नावात राहिले. कारखान्याच्या नावात गाव सासवड आहे आणि जात माळी आहे. तो ज्या तालुक्यात उभा आहे, त्याचा उल्लेख त्यात नाही. वस्तीच्या नावातही तीच जात आहे. ज्यांची भाषा ऐकून कोणी ‘बाहेरचे’ म्हणणार नाही, त्यांनी आपले बाहेरून येणे पाटीवर कोरून ठेवले. ओळख जपण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच; साधन तेवढे निराळे.

५

तर मग दोन समाजांतील खरे अंतर कोणते? एकत्र येण्याच्या शक्तीत ते नाही. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी गृहसंस्थेतून गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये घरांचे वाटप झाले. जवळच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आली. तिच्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. यांत पद्मशालींखेरीज इतरही कष्टकरी आहेत, हे खरे. पण भागभांडवल गोळा करून कारखाना काढणारा बागाईतदार आणि वर्षानुवर्षे मोर्चे काढून घराचा हक्क मिळविणारी विडी कामगार यांच्या कर्तृत्वाची जात एकच आहे. भेद पडतो तो काळाचा व मालमत्तेचा. एकाच्या हाती वारसाने देता येण्याजोगी वस्तू १९३२ मध्ये आली. दुसरीच्या हाती २००६ मध्ये. आणि पहिलीतून उत्पन्न निघते, दुसरीत केवळ निवारा मिळतो. मधली चौऱ्याहत्तर वर्षे ज्या हिशोबात नाहीत, तो हिशोब स्वभावाचे गुणगान किंवा निंदा यांपलीकडे जाऊ शकत नाही.

या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्याने तीन प्रश्न आधी विचारणे आवश्यक आहे. समाज कोणत्या अटींवर आला? त्याला पुढच्या पिढीस काय देता आले? आणि मोजणीत त्यातील कोणाला धरले, कोणाला वगळले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास अकलूजहून दूर जावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीड व नगरकडील दुष्काळी मुलखातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उचल घेऊन आलेल्या नवरा-बायकोस हिशोबात मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची एक वस्तू करणारा हा शब्द मराठीच आहे, आणि तो बोलणारेही मराठीच. पिढ्यान्‌पिढ्या येऊनही हे लोक येथील ‘समाज’ ठरत नाहीत, कारण हंगाम संपताच त्यांना परतावे लागते. माळी आला तेव्हा पाटाला पाणी होते, पद्मशाली आला तेव्हा मागाला सूत होते. कोयत्यासाठी उसाच्या फडाकडेला पाचटाची खोप आहे. स्थलांतरितांच्या तुलनेत जोवर या खोपीला स्तंभ नाही, तोवर ती तुलना पोहोचलेल्यांचीच राहणार.