सुट्टीतील वाचन आणि मराठी रहस्यकथा-भयकथा : म्हैसूरहून एक दृष्टिक्षेप

भारतीय भाषांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेली केंद्रीय भारतीय भाषा संस्था १९६९ पासून म्हैसूर येथे कार्यरत आहे. याच शहरात वाढणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलांचे शिक्षण मात्र साहजिकच कन्नड वा इंग्रजी माध्यमातून होते. मराठी त्यांच्या कानावर असते. छापील मराठीशी गाठ पडते ती बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, आजोळच्या पुस्तकांच्या कपाटापाशी. तेथे तेराचौदा वर्षांच्या वाचकाचा हात अभिजात ग्रंथाकडे क्वचितच जातो. तो जातो रहस्यकथेकडे किंवा भयकथेकडे. मराठी समीक्षेने ‘रंजनपर’ असा शिक्का मारून या वाचनाला वेशीबाहेर ठेवले. जेथे मराठी ही वर्षातील दीड महिन्याची वाचनभाषा आहे, तेथे या उपेक्षेचे मोल अधिक पडते. म्हणून या दोन प्रकारांचा किशोर वाचकाच्या संदर्भात विचार करणे अगत्याचे वाटते.

रहस्यकथा आणि भयकथा हे प्रकार एकाच फळीवर ठेवले जात असले, तरी त्यांची जगाकडे पाहण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. रहस्यकथा असे आश्वासन देते की, जे घडले त्याला कारण आहे आणि ते बुद्धीने शोधता येते. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांची पात्रे अनेक वाचकांना आयुष्यभर आठवत राहिली. या कथांत व्यक्तिचित्रणाची खोली शोधणे व्यर्थ आहे. परंतु प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पान उलटावयास लावणारी त्यांची सुटसुटीत वाक्यरचना हा शैलीविचाराचा विषय होऊ शकतो. तो फारसा झालेला नाही. भा. रा. भागवतांनी हेच आश्वासन किशोराच्या हाती दिले. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून हिंडतो आणि मोठ्यांच्या नजरेतून निसटलेले हेरतो. येथे वयाने लहान असणे हे उणेपण ठरत नाही. शोधाला ते उपयोगीच पडते.

भयकथा हे आश्वासन काढून घेते. तर्काची वाट जेथे संपते, तेथे तिचा आरंभ होतो. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ‘समर्थ’ मालिकेचे वैशिष्ट्य असे की, तीत या दोन्ही प्रकारांचा सांधा जुळवलेला आहे. संकटात सापडलेली व्यक्ती समर्थांकडे येते, हकीकत सांगते. ते ती हेराप्रमाणे ऐकून घेतात, पण उपाय साधनेच्या सामर्थ्याने करतात. रहस्यकथेची रचना आणि भयकथेचे विश्व यांचा हा मेळ केवळ क्लृप्ती म्हणून सोडून देण्याजोगा नाही. विज्ञान शिकलेल्या, परंतु घरातील देव्हाऱ्यापासून न तुटलेल्या मध्यमवर्गीय वाचकाची दुहेरी मनोवस्था त्यात उमटली आहे. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर आधारित आहे. अशा कृतींची चर्चा उसनवारीच्या आरोपापाशी थांबते. ऋण नोंदवलेच पाहिजे. परंतु अमेरिकेतील लहान गावाचे भय मराठीत आणताना भाषेला काय काय नव्याने घडवावे लागले, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

याहून गंभीर उणीव रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या लेखनाच्या निमित्ताने जाणवते. ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील त्यांची चेटकीण मुलांना घाबरवते आणि तत्क्षणी हसवते. ‘खेकडा’सारख्या संग्रहातील गूढकथांत मात्र भय माणसाच्या मनातच दबा धरून असते, ते प्रौढांसाठी आहे. एकाच लेखकाच्या या दोन टोकांमध्ये जे वय येते, त्याच्यासाठी मराठीत स्वतंत्र अद्भुत कादंबरीची परंपरा रुजली नाही. ती जागा पुढे अनुवादित हॅरी पॉटरने काही अंशी भरली. चेटकिणीला हसणे संपलेले आणि ‘खेकडा’ अद्याप न पेलणारे मूल सुट्टीत वडीलधाऱ्यांची पुस्तके चोरून वाचते, याचे एक कारण ही रिकामी जागाही असावी.

ही जागा रिकामीच राहावयास हवी असे नाही, हे म्हैसुरात राहून कन्नडकडे पाहताना ध्यानात येते. म्हैसुरात शिकलेले आणि पुढे मूडिगेरेच्या मलनाडात स्थिरावलेले पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ (१९८०) ही उडत्या सरड्याच्या शोधाची कथा आहे. तिच्यात उत्कंठा आहे, विनोद आहे, अरण्यातील गूढ आहे. किशोर ती साहस म्हणून वाचू शकतो, प्रौढ उत्क्रांतीवरील चिंतन म्हणून. त्यांच्या ‘जुगारी क्रॉस’मध्ये तर गुन्हेकथेचाच साचा वापरला आहे. तरीही तेजस्वी कन्नडमध्ये गंभीर लेखक मानले जातात. तेथे उत्कंठा आणि प्रतिष्ठा यांत वैर मानले गेले नाही. म्हैसूरनिवासी भैरप्पांना मराठी वाचकाने अनुवादांतून आपलेसे केले. परंतु आपण कन्नडमधून प्रामुख्याने वैचारिक कादंबरी आणली. उत्कंठेची प्रतिष्ठा आणली नाही.

सारांश, सुट्टीतील वाचनाला वाङ्मयीन निकष लावू नयेत असे नाही; ते लावलेच जात नाहीत, ही तक्रार आहे. निकष लावल्यास अर्नाळकरांचे बरेच लेखन गळून पडेल आणि धारपांचे काही टिकेल. पण निवड होण्यापूर्वीच ही पुस्तके जीर्ण म्हणून वाचनालयांतून बाद होत गेली, तर निवडीस काही उरणार नाही. परप्रांतातील मराठी मुलाला ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न मराठीत पडणे, हीच त्याच्या मराठी वाचनाची पहिली इयत्ता असते. ती इयत्ता ओलांडल्याशिवाय त्या कपाटातील वरच्या फळीपर्यंत त्याचा हात पोहोचणे कठीण आहे.