बेनेडिक्टची नियमसंहिता : पाठशुद्धीचा एक प्रश्न

बेनेडिक्टीय मठसंप्रदायाने पाश्चात्त्य विद्येची जपणूक केली, हे विधान इतिहासग्रंथांतून इतक्या वेळा आले आहे की त्याची छाननी करावी असे सहसा कोणास वाटत नाही. विधान खोटे नाही. परंतु इतरांच्या पोथ्या जपणाऱ्या या संप्रदायाने स्वतःच्या मूलग्रंथाचे काय केले, असे विचारले म्हणजे ‘जपणूक’ या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सरळ राहत नाही.

नुर्सियाच्या बेनेडिक्टने (सु. ४८०–५४७) सिद्ध केलेली नियमसंहिता ही प्रस्तावना आणि ७३ प्रकरणे एवढ्याच विस्ताराची आहे. स्तोत्रपठणाचा क्रम, अन्नाचे व मद्याचे प्रमाण, निजण्याची व्यवस्था, अपराध्यास दंड, पाहुण्यांचे स्वागत असे तिचे विषय आहेत. संप्रदायाचे ब्रीद म्हणून सर्वत्र सांगितले जाणारे ‘प्रार्थना आणि श्रम’ हे वचन मात्र तिच्यात कोठेही नाही; ते पुष्कळ पुढच्या काळातील आहे. संहितेची भाषा सहाव्या शतकातील जिवंत लॅटिन आहे. सिसेरोच्या व्याकरणात बसणार नाहीत असे प्रयोग तिच्यात पदोपदी आढळतात. पंचमी घेणाऱ्या शब्दयोगींपुढे द्वितीया येते, वाक्यरचना मध्येच वळण घेते. बेनेडिक्ट रोममधील शिक्षण अर्धवट टाकून निघून गेला, असे पोप ग्रेगरीने नोंदविले आहे. तथापि या प्रयोगांचे कारण त्यात शोधण्याची गरज नाही. त्या काळची भाषाच त्या वाटेने चालली होती.

ग्रंथाचा प्रवास चमत्कारिक आहे. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोंबार्दांनी माँटे कासिनोचा मठ उद्ध्वस्त केला, तेव्हा मठवासी रोमला गेले. आठव्या शतकात मठाची पुनःस्थापना झाल्यावर पोप झकारियास (७४१–७५२) याने बेनेडिक्टच्या हातची म्हणून मानली जाणारी पोथी तेथे परत पाठविली. शार्लमेनने ७८७ मध्ये मठास भेट दिली आणि पुढे त्या पोथीची नक्कल आखेन येथे मागवून घेतली. मूळ मानलेली पोथी ८९६ मध्ये तेआनो येथील आगीत नष्ट झाली.

आखेनच्या या नकलेवरून सु. ८१७ मध्ये रायखेनाउ मठातील ग्रिमाल्ट व टाटो या दोघांनी आपल्या गुरूसाठी, ग्रंथपाल रेगिनबर्टसाठी, एक प्रत केली. सोबतचे त्यांचे पत्र पाठचिकित्सेच्या इतिहासात अविस्मरणीय ठरावे. समोरच्या पोथीतील शब्द व्याकरणाला धरून नसले तरी आपण ते बदललेले नाहीत. अलीकडच्या विद्वानांनी सुधारलेले पाठ तेवढे समासात खूण करून दिले आहेत, असा त्या पत्राचा आशय आहे. मूळ पाठ एकीकडे आणि दुरुस्ती दुसरीकडे ठेवण्याची ही शिस्त नवव्या शतकातील दोन लेखनिकांनी पाळली, याचे आजही नवल वाटते. त्यांच्या प्रतीचा निकटचा वारसा सांगणारी पोथी सांक्ट गालेन येथे क्रमांक ९१४ म्हणून सुरक्षित आहे.

इतरत्र ही शिस्त राहिली नाही. संहितेचा पहिलाच शब्द पाहावा. ‘ऐक’ या अर्थी सांक्ट गालेनच्या पोथीत ‘ऑब्स्कुल्ता’ असे रूप आहे, तर ऑक्सफर्डच्या हॅटन ४८ या सु. ७०० मधील पोथीत ‘आउस्कुल्ता’ असे अभिजात रूप आहे. बोलीत ‘आउ’चा ‘ओ’ झाला आणि त्या ‘ओ’ला ‘ऑब’ हा उपसर्ग समजून कोणी अर्धपंडिताने ‘ब’ घातला. म्हणजे पहिल्या रूपात बोलीचा उच्चार आणि तो सुधारण्याची धडपड ही दोन्ही एकाच वेळी दिसतात. हॅटन पोथी आज उपलब्ध असलेल्या पूर्ण प्रतींत सर्वांत जुनी आहे. तरीही तिचा पाठ अधिक घासलेला आहे. जुनी प्रत म्हणजे मूळ पाठ नव्हे, याचे यापेक्षा बोलके उदाहरण विद्यार्थ्यांस देणे कठीण. लुडविग ट्राउबे याने १८९८ मध्ये या दोन शाखांना अनुक्रमे ‘शुद्ध’ व ‘प्रक्षिप्त’ अशी नावे दिली. त्याने जुळविलेल्या साखळीतील काही दुवे पॉल मेव्हार्ट यांनी १९६३ मध्ये पुन्हा तपासले आणि ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. परंतु भाषेने अशुद्ध तोच पाठाने शुद्ध, हा तिचा गाभा टिकून आहे. ज्ञानेश्वरीच्या एकनाथपूर्व पाठाचा शोध घेणाऱ्यांना ही अडचण अपरिचित नाही.

येथवर प्रश्न केवळ रूपांचा वाटेल. अठ्ठावन्नाव्या प्रकरणात तो आचरणाचा होतो. मठात प्रवेश करणाऱ्याने तीन गोष्टींची प्रतिज्ञा घ्यावयाची असते : मठातील स्थैर्य, आज्ञापालन आणि मधली ‘कोन्व्हर्सातिओ मोरुम’. ‘कोन्व्हर्सातिओ’ म्हणजे जगण्याची रीत. ‘मोरुम’ म्हणजेही आचारांची. ‘आचारांची जीवनरीत’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या अवघड आणि अर्थाने पुनरुक्त वाटल्यामुळे रूढ पाठात तेथे ‘कोन्व्हर्सिओ’, म्हणजे परिवर्तन, हा शब्द आला. अर्थ लगेच सुलभ झाला, आणि कित्येक शतके मठवासीयांनी त्या सुलभ शब्दानेच प्रतिज्ञा घेतली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जुन्या पोथ्यांच्या आधारे मूळ शब्द पुढे आणला गेला, तेव्हा वाद व्याकरणाचा राहिला नाही. परिवर्तन ही एकदा घडणारी घटना आहे. रीत रोज पाळावी लागते. दोन शब्दांत दोन प्रकारचे संन्यास सामावले आहेत.

अशा स्थितीत संपादकाने काय करावे? कथबर्ट बटलर यांनी १९१२ च्या आवृत्तीस ‘चिकित्सक-व्यावहारिक’ असे नाव दिले. मठात रोज वाचला जाणारा ग्रंथ वाचकास अडखळवू नये, हा त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि ही दोन विशेषणे एका आवृत्तीत सुखाने नांदत नाहीत. ग्रिमाल्ट आणि टाटो यांनी समासात ठेवलेले पुन्हा संहितेत येण्यास वाट मिळते. बेन्नो लिंडरबाउअर यांचे १९२२ चे भाषिक भाष्य आणि रूडोल्फ हान्सलिक यांची १९६० ची आवृत्ती या दृष्टीने अधिक विश्वसनीय आहेत.

याहून मोठा धक्का सोलेमच्या ऑगस्टँ जेनेस्तू यांनी दिला. बेनेडिक्टच्या आरंभीच्या प्रकरणांतील फार मोठा भाग, नम्रतेच्या बारा पायऱ्यांसह, ‘गुरूची संहिता’ या अनामिक आणि सुमारे तिप्पट लांबीच्या ग्रंथाशी जुळतो. तो ग्रंथ बेनेडिक्टवरून घेतलेला असे मानले जाई; जेनेस्तू यांनी क्रम उलटविला. १९९० मध्ये मॅरिलिन डन यांनी पुन्हा आक्षेप घेतले, परंतु आदालबेर द व्होग्युए यांच्या संपादनानंतर बहुतेक अभ्यासक गुरूलाच पूर्वसूरी मानतात. संप्रदायाच्या आद्य ग्रंथाची मौलिकता कमी करणारे हे संशोधन संप्रदायातच झाले, हे विशेष. जाँ माबियाँ याने १६८१ मध्ये दस्तऐवजांच्या चिकित्सेचे शास्त्र उभारले, तोही बेनेडिक्टीयच. मठवासीयाने विद्याव्यासंग करावा की नाही यावर १६९१ मध्ये त्याला ला त्राप मठाच्या रान्सेशी वाद घालावा लागला होता.

बेनेडिक्टच्या जन्माच्या पंधराशेव्या वर्षानिमित्त अमेरिकेतील बेनेडिक्टीयांनी सिद्ध केलेली इंग्रजी आवृत्ती १९८१ मध्ये निघाली. तीत मूळ ‘कोन्व्हर्सातिओ’ परत आला आहे आणि त्याची चर्चा परिशिष्टात आहे. भाषांतरात मात्र शब्दाला शब्द देण्याचे टाळून मठजीवनाशी निष्ठा अशा अर्थाचा पर्याय योजला आहे. तो वाचकाला अडखळवत नाही. अडखळण्याची जागा परिशिष्टात गेली आहे.