केळी, मिरची आणि डोमेनचं नाव



आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. इंटरनेटवर दुकान काढायचं, तर त्याच्या पत्त्यात, म्हणजे डोमेनच्या नावात, कोणते शब्द घालावेत? लोक पाट्या रंगवताना चार जणांना विचारतात, पण हे नाव मात्र वेबसाइट करून देणाऱ्या पोरावर सोडून देतात. पुढे दहा वर्षं तेच नाव बिलावर, खोक्यावर, टेम्पोच्या मागे छापलं जातं. म्हणून आपण पुस्तकाची समीक्षा करतो तशी आज या नावांची करू. नमुने आपल्याच जळगाव-धुळ्याचे घेऊ.

सुरुवात प्रचलित सल्ल्यापासून. सल्ला असा की, गिऱ्हाईक जे शब्द शोधतं तेच सगळे नावात कोंबा. गाव, माल, वर ‘बेस्ट’, ‘ऑनलाइन’, ‘शॉप’. म्हणजे ‘बेस्ट जळगाव बनाना ऑनलाइन डॉट कॉम’. हा सल्ला अगदीच खोटा नव्हता. एके काळी शोधाचे शब्द आणि डोमेनचे शब्द जुळले की साइट वर दिसायची. म्हणून लोकांनी तसली नावं घाऊक घेतली आणि आत काहीच ठेवलं नाही. शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने बदल केला : नाव तंतोतंत जुळतं पण आतला मजकूर निकस, अशा साइट खाली जाऊ लागल्या. सल्ला मात्र अजून बाजारात फिरतोच आहे.

आमचा आक्षेप निव्वळ तांत्रिक नाही. असं नाव कोणाचंच नसतं. ‘बेस्ट’ म्हणणारे शंभर असतात. सराफ बाजारात कोणी ‘उत्तम सोनं दुकान’ अशी पाटी लावत नाही. तिथे पेढी माणसाच्या नावाने चालते, कारण गिऱ्हाईक सोन्याइतकंच पतीकडे बघतं.

आता दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते मुख्य. आपल्याकडे नाव कसं प्रवास करतं? शोधयंत्रातून येणारं गिऱ्हाईक असतंच. पण त्याहून जास्त नाव फोनवर सांगितलं जातं, लग्नात सांगितलं जातं, टेम्पोवाला सांगतो. म्हणजे ते आधी कानावर पडतं आणि मग बोटांनी इंग्रजी अक्षरांत टाइप होतं. कान आणि बोटं यांच्यामध्ये नाव हरवतं.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या नावात काय आहे बघा. जळगाव, धुळे. दोन्हीत ‘ळ’. आपल्या मुख्य पिकातही ‘ळ’, केळी. आणि रोमन लिपीला ‘ळ’ लिहिताच येत नाही! तिथे ‘एल’ येतो. गंमत अशी की घरी आपण ‘ळ’ म्हणतोच असं नाही. अहिराणीत, लेवा बोलीत जयगाव होतं, धुये होतं, केयी होतं. म्हणजे एकाच मालाची तीन रूपं : घरात केयी, पुस्तकात केळी, पत्त्यात ‘के-ई-एल-आय’. हे शेवटचं दिल्लीचा व्यापारी ‘केली’ वाचणार. पुण्याचा माणूसही ‘केली’च वाचणार आणि विचारणार, काय केली? (हशा) तीच गत धुळ्याची. हिंदी वाचणारा ‘धुले’ वाचतो, म्हणजे धुतलेले.

गावांची नावं निदान रूढ झाली आहेत. जळगाव इंग्रजीत कसं लिहायचं हे रेल्वेच्या पाट्यांनी शिकवलं. मालाच्या नावांना तसा आधार नाही. ‘वांगी’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? ‘भरीत’मध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’? मराठी माणूस ‘शेव’ म्हणतो, हिंदी माणूस ‘सेव’. ‘बिबडे’ तर बाहेरच्याला ऐकूनही माहीत नाही. उलट दोंडाईच्याची मिरची घ्या. ‘मिरची’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत जवळपास सारखाच बोलला जातो आणि इंग्रजी अक्षरांतही बहुतेक जण तो एकाच तऱ्हेने लिहितात. ‘पापड’ही तसाच. म्हणजे शब्द गोड की गावरान, हा प्रश्न नंतरचा. ऐकणारे दहा जण तो एकसारखा लिहितात का, हा पहिला. या कसोटीवर ‘मिरची’ पास, ‘केळी’ नापास. केळीसाठी ‘बनाना’ घेतला तर आम्ही मराठीद्रोह मानणार नाही.

कानाचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातून ‘सिफी’ हा शब्द घडवला आणि त्यावर डोमेन घेतली. दुसऱ्या कंपनीने ‘सिफीनेट’ घेतलं, फक्त एका ‘एफ’ऐवजी दोन ‘एफ’ घालून. २००४ साली न्यायालयाने निकाल दिला की डोमेनचं नाव हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं. डोळ्यांना फरक दिसतो, कानाला दिसत नाही. तेव्हा नाव घेण्याआधी ते मोकळं आहे का एवढं बघून भागत नाही. त्याच्यासारखं ऐकू येणारं कोणाचं आहे का, हेही बघावं लागतं.

आता आपल्या गावचं गाजलेलं उदाहरण. जैन इरिगेशनचा पत्ता आहे ‘जैन्स डॉट कॉम’. इंग्रजीत पाच अक्षरं. त्यात ठिबक नाही, पाइप नाही, जळगावही नाही. भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून धंदा सुरू केला. पुढे पाइप आले, ठिबक आलं, टिश्यू कल्चरची केळीची रोपं आली, वाळवलेला कांदा आला. नावात माल असता तर दर वेळी ते तोकडं पडलं असतं. ही त्याची ताकद. पण दोषही सांगायला हवा. अनोळखी माणसाला हा पत्ता एखाद्या समाजाच्या संस्थेचा वाटेल. तो चालतो, कारण कंपनीचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी आधीच होतं. नव्या दुकानदाराने ही नक्कल केली तर निव्वळ आडनाव उरेल. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याने आडनाव किंवा खूण घ्यावी आणि जोडीला मालाचा एकच शब्द. दोन शब्द पुरे.

मग गावाचं नाव घालावं का? ‘जळगाव’ शब्दाला किंमत आहे. जळगाव केळी आणि जळगाव भरीत वांगी, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी दुबईला गेली. पण हे मानांकन एका दुकानाचं नसतं. त्या भागातल्या उत्पादकांचा तो सामायिक हक्क असतो आणि वापरणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते. डोमेन विकणारी कंपनी तुमची केळी रावेरची की आणखी कुठली, हे विचारत नाही. नाव मोकळं आहे आणि पैसे भरलेत, एवढ्यावर देते. म्हणजे ‘जळगाव’ नावात घालून बाहेरचा माल विकणं सहज शक्य आहे, आणि त्यात बुडते ती सगळ्यांची पत. ज्याचा माल इथला, त्याने हा शब्द जरूर घ्यावा. बाकीच्यांनी हात लावू नये.

कोणी म्हणेल, देवनागरीतच पत्ता घ्या, ‘ळ’ वाचेल. सोय आहे. ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत मिळतं. पण देवनागरीतही ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ अशी दोन रूपं आपणच लिहितो. शिवाय पडद्यामागे यंत्र त्या नावाचं रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात रूपांतर करतं आणि कधी कधी तेच विचित्र रूप गिऱ्हाइकासमोर येतं. देवनागरी नाव जोडीला ठेवा. एकट्यावर विसंबू नका.

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पत्ता मात्र त्यानंतरही ‘एनएमयू डॉट एसी डॉट इन’च राहिला. यात आम्हाला आळस दिसत नाही. पत्ता बदलला की जुन्या कागदांवरचे, जुन्या दुव्यांवरचे सगळे रस्ते तुटतात. म्हणून पहिल्यांदाच नीट निवडायचं.

आणि ते आपल्या नावावर घ्यायचं. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं आणि वेळेवर नूतनीकरण करावं लागतं. समजा, साक्रीकडच्या एखाद्या बचत गटाने पापडाचं नाव घेतलं, पण नोंद साइट करणाऱ्याच्या खात्यावर, त्याच्याच ईमेलने झाली. भांडण झालं किंवा तो पुण्याला निघून गेला, तर पाच वर्षांत कमावलेलं नाव त्याच्याकडे राहतं. बायकांनी लाटलेले पापड त्यांचे आणि नाव परक्याचं, असं व्हायला नको. शब्द कितीही चांगला निवडला, तरी नोंद गटाच्या नावाने झाली की नाही ते आधी तपासा.

तेव्हा आमची परीक्षा सोपी आहे. पैसे भरण्याआधी सुरतच्या मामांना फोन लावा. नाव एकदाच सांगा, अक्षरं फोडून सांगू नका. मामांनी ते टाइप करून परत पाठवावं. मग दिल्लीच्या आडत्याला लावा, मग घरातल्या आजीला म्हणायला सांगा. तिघांचं जुळलं तर नाव घ्या. नाही जुळलं तर दुसरं शोधा. अजून खर्च काही झालेला नाही.

आता प्रश्न घेऊ.