दत्ताची कुत्री आणि गावकुसाबाहेरची कुत्री

बावधनच्या एका बौद्ध घरात भिंतीवर जी चौकट आहे ती मुळात दत्ताच्या तसबिरीची. आतले चित्र आता बाबासाहेबांचे. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेशांना नाकारते, आणि दत्त म्हणजे तर तिघे एकत्र! १९५६ नंतर तसबीर उतरली यात नवल नाही. पण उतरलेल्या त्या चित्रातल्या चार कुत्र्यांविषयी बोलायचे राहूनच गेले आहे.

अशी चित्रे घराघरांत गेली ती शिळाछापामुळे. रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला, म्हणजे मुळशीच्या शेजारच्या मावळात, आला. चुनखडीच्या घासलेल्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागेला शाई शिवत नाही, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. रंगागणिक शिळा वेगळी. ज्याला देवळाची पायरी बंद, त्याच्या झोपडीत देव असा स्वस्तात आला. प्रस्थापित समीक्षक याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणतात. आम्हाला तसे म्हणता येत नाही.

प्रश्न कुत्र्यांचा आहे. ती चार वेद आहेत असे सांगतात. मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांनी गावाबाहेर राहावे, कुत्री आणि गाढवे हेच त्यांचे धन, असे विधान आहे. वेद ऐकण्याचीही शूद्रातिशूद्रांना बंदी. म्हणजे आमचे धन वेद होऊन देवाच्या पायाशी बसले आणि धनी मात्र कुसाबाहेर! १९२७ साली महाडला हाच हिशेब उघडा पडला. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता.

शिवाय ही कुत्री पाहा कशी आहेत. धुतलेली, गुबगुबीत. खरूज नाही, बरगडी नाही. मऊ छटा सहज साधणे हा शिळाछापाचा गुण. इथे तो खोटेपणाच्या कामी आला. मेल्या ढोराभोवती गिधाडांशी आणि माणसांशीही झगडणारे कुत्रे दलित कथा-आत्मकथनांत भेटते, भिंतीवर भेटत नाही. त्याला लिनोच मानवेल. छटांची लाडीगोडी नाही, नुसता काळा आणि पांढरा. १९७८ साली वारलेले चित्तप्रसाद अंधेरीत राहून लिनोवर कष्टकरी माणसे कोरीत असत. लिनोचा तुकडा, एक कोरणी, आणि कागद दाबायला चमचाही पुरतो. आमच्या चित्रकार तरुणांनी त्या कुत्र्याची बरगडी एकदा कोरून पाहावी.