जळालेली अक्षरे, अस्थींची अक्षरे : जितीश कल्लाट यांच्या ‘पब्लिक नोटिस’ मालिकेतील सामाजिक भाष्य

प्रस्तावना

शिवडी, लालबाग, परळ या गिरणगावात भिंतीवरचा मजकूर हा नेहमीच पोटापाण्याशी निगडित राहिला आहे. गिरणीच्या दरवाजावरील नोटीस कामगाराच्या घरची चूल पेटणार की नाही हे ठरवीत असे, तर 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात भिंतीवरील घोषणांनी व गेटसभांनी तिला प्रत्युत्तर दिले. ‘जाहीर सूचना’ या शब्दाला येथे असा अनुभवसिद्ध अर्थ आहे. मुंबईतच 1974 साली जन्मलेले व सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले चित्रकार जितीश कल्लाट यांची मालिका या अर्थाच्या कसोटीवर तपासणे उद्बोधक ठरते.

विवेचन

‘पब्लिक नोटिस’ (2003) मध्ये पंडित नेहरूंचे 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्रीचे भाषण पाच आरशांवर चिकट द्रव्याने लिहून ती अक्षरे जाळली आहेत. उष्णतेने आरसा वाकतो आणि वाचकाला आपलाच चेहरा विद्रूप दिसतो. 2002 च्या गुजरात दंगलींनंतरची ही कृती आहे, हे ध्यानात घेतल्यास दोष केवळ वक्त्याच्या आश्वासनावर न ठेवता तो वाचणाऱ्यावरही ठेवला आहे, असे दिसून येते.

‘पब्लिक नोटिस 2’ (2007) मध्ये दांडीयात्रेच्या पूर्वसंध्येचे गांधीजींचे भाषण सुमारे साडेचार हजार अस्थिसदृश अक्षरांत मांडले आहे. अहिंसेचा शब्द येथे उत्खननात सापडलेल्या अवशेषासारखा भासतो. ‘पब्लिक नोटिस 3’ (2010) मध्ये विवेकानंदांचे 11 सप्टेंबर 1893 चे शिकागोचे भाषण तेथील आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर अमेरिकेच्या दहशतवाद-इशाऱ्याच्या पाच रंगांत उजळते. सहिष्णुतेचे आवाहन भीतीच्या रंगांत वाचावे लागते. तिन्ही कृतींत मजकूर जसाच्या तसा आहे. भाष्य करते ते माध्यम.

मर्यादा

तथापि, या तिन्ही ‘जाहीर’ सूचना इंग्रजीत आहेत व त्यांचे स्थान कलादालनांत वा संग्रहालयांत आहे. गिरणीची नोटीस निरक्षर कामगारालाही कुणाकडून तरी वाचवून घ्यावी लागे, कारण तिच्यावर त्याचे जगणे अवलंबून होते. कल्लाट यांच्या आरशासमोर तोच उभा राहतो, ज्याला तेथे जाणे परवडते.

निष्कर्ष

ही मर्यादा मालिकेचे मोल नाहीसे करीत नाही. उलट तिचा प्रश्न अधिक धारदार करते. थोर वचने विसरली गेली, की ती ज्यांच्यासाठी उच्चारली त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत? या प्रश्नाचे उत्तर आरशात मिळणार नाही. ते शिवडीच्या भिंतींपाशी शोधावे लागेल.