फ्रिट्झिंगमधला नवा पार्ट: चित्र सुबक, पण पिना बरोबर आहेत का?

प्रबंधात ब्रेडबोर्डची रंगीत आकृती दिसली, की ती बहुधा फ्रिट्झिंगमध्ये काढलेली असते. जर्मनीत पोट्सडॅमच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात २००७ च्या सुमारास सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर. डिझायनर, कलाकार, हौशी मंडळींना आपापले प्रोटोटाइप नोंदवून ठेवता यावेत म्हणून ते बनलं, आणि ते काम ते झकास करतं. माझी तक्रार आहे ती त्यात आपण 'पार्ट' ज्या पद्धतीने बनवतो त्याबद्दल.

आपला सेन्सर लायब्ररीत नसला की नवा पार्ट करावा लागतो. पार्ट म्हणजे खरं तर एक झिप फाइल. आत चार एसव्हीजी चित्रं (ब्रेडबोर्ड, स्किमॅटिक, पीसीबी आणि आयकॉन) आणि त्यांना एकत्र बांधणारी एक एक्सएमएल फाइल. कुठल्या चित्रातला कुठला आकार म्हणजे कुठली पिन, हे ती फाइल सांगते. खरी माहिती तिथे आहे. आणि आपण काय करतो? इंकस्केप उघडून बोर्डाचा निळा रंग जुळवत बसतो!

ट्रान्झिस्टरचं घ्या. २एन३९०४ आणि बीसी५४७, दोन्ही टीओ-९२ पॅकेजमध्ये, दिसायला जुळी भावंडं. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. दुसऱ्याचे नेमके उलटे. पहिल्याचा पार्ट कॉपी करून नाव तेवढं बदललं, तर फ्रिट्झिंग काही म्हणत नाही. ते डेटाशीट वाचत नाही ना! परीक्षकही आकृतीतले पाय तपासत बसत नाहीत. तपासायची वेळ येते ती पुढे तेच सर्किट जोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यावर. त्यातही वाईट म्हणजे कलेक्टर-एमिटर उलटे जोडलेला ट्रान्झिस्टर सरळ बंद पडेलच असं नाही. गेन फार कमी होतो, पण रीडिंग येत राहतं.

मापाचं दुखणं त्यामानाने बरं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पिनांमधलं अंतर ०.१ इंच, म्हणजे २.५४ मिमी हवं. इंकस्केप ०.९२ आवृत्तीपासून इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतं, इलस्ट्रेटर ७२. म्हणून एसव्हीजीची रुंदी-उंची इंचात किंवा मिलिमीटरमध्येच लिहा. चुकलं तर पाय भोकांवर बसत नाहीत, लगेच कळतं.

स्वतः केलेला पार्ट आकृतीत असेल, तर त्याची फाइल परिशिष्टासोबत द्यायलाच हवी, असं माझं मत. पार्ट एडिटरमध्ये प्रत्येक पिनचं नाव आणि वर्णन भरायची सोय आहे. तिथे नुसतं 'पिन १, पिन २' ठेवलेला पार्ट मी तरी वापरत नाही.