पायाखालचें लंडन

एखाद्या इमारतीचा पाया खणतांना जें निघालें त्यावरील ग्रंथाचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशासाठीं, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमची विनंती एवढीच कीं, डॉ. रॉजर टॉमलिन यांचा 'रोमन लंडन्स फर्स्ट व्हॉइसेस' हा २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनीं एकदां हातीं घ्यावा. लंडन शहरांत सांपडलेल्या अत्यंत जुन्या लिखित मजकुराचा हा संग्रह आहे. आणि जेथें माणूस माणसास उद्देशून कांहीं लिहितो तेथें वाङ्मयाची हद्द सुरू होते, असें आम्ही समजतों.

प्रथम जागेविषयीं दोन शब्द. जुन्या लंडनमधून वॉलब्रुक नांवाचा एक ओढा वाहत असे. तो केव्हांच बुजला. परंतु त्याच्या कांठचा चिखल ओलाच राहिला आणि त्यांत हवा न शिरल्यामुळें लाकूड, चामडें यांसारखे नाशवंत पदार्थ जवळजवळ दोन हजार वर्षें टिकले. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबहल्ल्यांनीं हा भाग उजाड झाला. पुढें तेथें नवी कचेरी उभारण्याचें ठरलें, तेव्हां ग्राइम्स या संशोधकांनीं १९५४ सालीं त्या जागेंत खोदकाम केलें व त्यांत मिथ्र देवाचें मंदिर निघालें. वेदांतील मित्राशीं नांवाचें नातें सांगणारा हा देव रोमन शिपाई व व्यापारी यांनीं टेम्सच्या कांठापर्यंत नेला होता. काम आटोपत आलें असतांना, १८ सप्टेंबर रोजीं, देवाचें संगमरवरी शिर हातीं लागलें आणि लंडनकरांची एकच झुंबड उडाली. सुमारें चार लाख माणसें तो खड्डा पाहून गेलीं असा अंदाज आहे. प्रश्न चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. अखेरीस मंदिराचे दगड उचलून बाजूला नेले व १९६२ सालीं जवळच्या दुसऱ्या एका जागीं, सिमेंट लावून, ते पुन्हां रचण्यांत आले. ती रचना स्वतः ग्राइम्स यांनाही रुचली नव्हती. ते १९८८ सालीं वारले. आणि त्यांच्या खोदकामाचा सविस्तर वृत्तांत जॉन शेफर्ड यांच्या हातून १९९८ सालीं, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनीं, बाहेर पडला. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें आम्हांस त्याचा उपयोग करावयाचा आहे.

मध्यंतरीं इंग्लंडांत रीत बदलली. १५८७ सालीं बांधलेलें आणि मार्लोच्या नाटकांनीं गाजलेलें 'रोझ' नाट्यगृह १९८९ मध्यें अशाच एका कचेरीच्या पायांत उघडें पडलें, तेव्हां नामवंत नटनटी बांधकामाच्या यंत्रांपुढें उभ्या राहिल्या. पुढल्याच वर्षीं सरकारनें असें धोरण जाहीर केलें कीं, जो जमीन खणणार त्यानेंच तिच्या पोटांतील पुराव्याची व्यवस्था पाहावी व खर्चही सोसावा. मोठी हानि संभवत असेल तर आधीं रीतसर उत्खनन करावें. लहान असेल तर एक पुरातत्त्वज्ञ खोदयंत्राशेजारीं उभा राहून प्रत्येक थर पाहतो, आणि कांहीं दिसतांच हात वर करून यंत्र थांबवितो. चिखलांत दिवसभर उभें राहण्याचें हें काम फारसें प्रतिष्ठेचें नव्हे; परंतु शहराचा अर्धा इतिहास अशाच कोणा उभ्या राहिलेल्या माणसामुळें वांचला आहे. वॉलब्रुकच्या जागेवर ब्लूमबर्ग कंपनीची नवी इमारत व्हावयाची होती, तेव्हां २०१० ते २०१४ या काळांत लंडन म्युझियमच्या पुरातत्त्व शाखेनें तेथें उत्खनन केलें. १९५० नंतरच्या इमारतीखालींही एवढें शिल्लक होतें कीं चौदा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांपैकीं ४०५ लेखनपाट्या हा या ग्रंथाचा विषय होय.

पाटी म्हणतांच आमच्या पिढीस धूळपाटी आठवते, आणि तुलना अगदींच चुकीची नाहीं. बाहेरून आलेल्या पिंपांच्या फळ्या तासून त्यांत उथळ खांचा करीत, खांचेंत काळें मेण भरीत व लोखंडी टोंच्यानें त्यावर लिहीत. काम झालें कीं मेण सारखें करून पुन्हां नवा मजकूर. मेण आज नाहीं. मात्र लिहिणाऱ्याचा हात जड असला म्हणजे टोंचा मेणाखालच्या लाकडापर्यंत पोंचे, आणि तेवढाच ओरखडा आज उरला आहे. तोही एकावर एक दोन-तीन मजकुरांचा! वेगवेगळ्या बाजूंनीं तिरपा प्रकाश टाकून घेतलेलीं छायाचित्रें व सूक्ष्मदर्शक यांच्या साह्यानें टॉमलिन यांनीं ऐंशींहून अधिक पाट्यांचा मजकूर लाविला आहे. ज्यांनीं मोडीचे फाटके कागद भिंगाखालीं धरून एकेका अक्षराशीं झुंज घेतली असेल त्यांस या श्रमाची किंमत सांगावयास नको. अक्षर संशयित असलें तर तें संशयित आहे अशी खूण टॉमलिन करतात; वाक्य अर्धें असलें तर तें अर्धेंच ठेवतात. ही शिस्त आम्हांस या ग्रंथाचा पहिला गुण वाटते.

दुसरा गुण अर्थात् मजकुरांचाच. इ. स. ५७ च्या ८ जानेवारीस एका मुक्त झालेल्या दासानें दुसऱ्या तशाच मुक्त दासास, माल पोंचला असून त्याच्या किंमतीचे १०५ देनारी आपण देणें लागतों, असें लिहून दिलें. ब्रिटन जिंकून रोमनांस तेव्हां पुरीं चौदा वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि इतक्यांत तेथें खतपत्र! इ. स. ६० किंवा ६१ सालीं राणी बोडिका हिनें हें शहर जाळून टाकलें हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु ६२ च्या ऑक्टोबरांत व्हेरुलेमियमहून, म्हणजे हल्लींच्या सेंट आल्बन्सहून, वीस ओझीं धान्यसामग्री १३ नोव्हेंबरपर्यंत लंडनास आणण्याचा करार झालेला येथें दिसतो. हमाली ओझ्यामागें पाव देनारियस. राखेंतून शहर किती लवकर उठलें याचा याहून चांगला पुरावा कोणत्याही इतिहासकारास हवा असेल असें वाटत नाहीं. एका पाटीवर पत्ता आहे तो पिंपें करणाऱ्या ज्युनियसचा, 'कॅटुलसच्या घरासमोर'. एक पत्र तेर्तियस नांवाच्या मद्य गाळणाऱ्यास. आणि एका अतिशय जुन्या पाटींत कोणी हितचिंतक आपल्या मित्रास बजावतो कीं, तूं पैसे कर्जाऊ दिलेस हें ते सबंध बाजारभर मिरवीत फिरत आहेत, तेव्हां तूं हलका दिसूं नयेस असें वाग. हें वाक्य वाचून आम्हांस क्षणभर वाईचा किंवा पैठणचा बाजार आठवला. राजवाड्यांनीं ज्या दप्तरांसाठीं गांवोगांव पायपीट केली, त्यांतही राजकारणाइतकाच जीव या असल्या उण्यादुण्यांत आहे.

ग्रंथाच्या नांवाविषयीं मात्र आमचा थोडा मतभेद आहे. 'पहिले आवाज' म्हणजे जणूं सारें शहर बोलत आहे असा भास होतो. वस्तुतः येथें बोलतात ते हिशेब ठेवणारे, देणेंघेणें करणारे व पलटणीचे लोक. ज्यांच्या भूमीवर हें शहर उभें राहिलें ते ब्रिटन लोक फार तर एखाद्या नांवावरून ओळखावयाचे. मेणपाटी परवडत होती त्याचाच आवाज टिकला, हें शीर्षकानें झांकूं नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उत्खनन हें वाचनही आहे आणि नाशही. एकदां उकरलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं. मग ज्या धनिकाला इमारत लवकर उभी करावयाची आहे त्याच्याच पैशानें हें वाचन व्हावें काय? आमचा मूळचा कल 'नाहीं' असें म्हणण्याकडे होता. परंतु येथें तो चव्वेचाळीसचा आंकडा आड येतो. ग्राइम्स यांस कोणाची मिंधेगिरी नव्हती, पण हाताशीं पुरेसा पैसाही नव्हता, आणि त्यांचा वृत्तांत त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं निघाला. २०१४ मध्यें संपलेल्या कामांतील पाट्या दोन वर्षांत आमच्या टेबलावर आल्या. हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि प्रत्येक बांधणारा इतका सधन किंवा हौशी नसतो. शेंकडों लहानसहान कामांवरील नोंदी नियमाप्रमाणें टंकलिखित होऊन कपाटांत जाऊन पडतात, आणि त्यांस टॉमलिन भेटत नाहींत. खोदणाऱ्यावर खर्चाचा भार टाकणाऱ्या धोरणानें प्रसिद्धीचाही भार तितक्याच कडकपणें टाकावयास हवा होता, असें आमचें मत आहे.

छपाई उत्तम आहे. छायाचित्राशेजारीं ग्रंथकारानें स्वतः काढलेलें रेखाचित्र, मग लॅटिन पाठ, भाषांतर व टीपा, अशी मांडणी असल्यामुळें लॅटिन न जाणणाऱ्यासही ओरखड्यांतून अक्षर कसें उमटतें तें पाहतां येतें. आमच्या वाचकांनीं ग्रंथालयांतून हें पुस्तक आणविल्यास ७९ क्रमांकाची पाटी अवश्य काढावी. तींत ना कर्ज ना करार. कोणीतरी मुळाक्षरें गिरवीत बसलें होतें.